घरवाडीची मोजणी: दोन खाजगी सर्व्हेअर, एक सरकारी मोजणी, माझा पूर्ण अनुभव

रत्नागिरी जिल्ह्यात आमचं आजोबांचं घर आहे, घराभोवती सव्वानऊ गुंठ्याची घरवाडी. आम्ही राहतो ठाण्याला, बाबा आता 78 वर्षांचे, आणि मागच्या वर्षी त्यांच्या मनानं घेतलं की आपण असेपर्यंत पडलेले गडगे (नुसते दगड रचून केलेल्या कुंपणाच्या भिंती) काढून चिऱ्याचं पक्कं कंपाउंड घालायचं. कंपाउंड म्हटलं की आधी हद्द आली आणि हद्द म्हटली की सर्व्हेअर. या सगळ्यात दीड वर्ष गेलं. दोन खाजगी सर्व्हेअर झाले, एक सरकारी मोजणी झाली आणि मधे शेजाऱ्यांशी बोलणं बंद व्हायची वेळ आली होती. म्हणून सविस्तर लिहितेय, गावाकडे घर असलेल्या कुणाला तरी उपयोग होईल. नावं कुणाचीच देत नाहीये, तालुका पण नाही.

पहिला सर्व्हेअर ओळखीतून मिळाला, गावातल्या एकाचं बांधकाम चालू होतं तिथे तो लाइनआउट (पायाची आखणी) द्यायला यायचा. फोनवर म्हणाला 6 हजार घेईन, एका दिवसात नकाशा हातात. आम्ही खूश. तो आला तेव्हा सोबत टोटल स्टेशन (अंतर आणि कोन मोजायचं यंत्र) आणि त्याच्यासमोर प्रिझमची काठी धरायला एक मुलगा, चार गडग्यांच्या कडेकडेने फिरून दोन तासात काम आटोपलं. कागद काय मागितला तर फक्त सात-बारा, तोही मी मोबाइलवर दाखवला तेवढाच. आठ दिवसांनी रंगीत नकाशा आला, दिसायला एकदम छान, झाडं हिरवी, विहीर निळी. त्यात क्षेत्र लिहिलेलं 895 चौरस मीटर. आमच्या सात-बाऱ्यावर आहे 9.40 आर म्हणजे 940. तो फोनवर सरळ म्हणाला, मॅडम तुमचे 45 मीटर पश्चिमेच्या शेजाऱ्याने खाल्लेत, गडगा आत सरकवलाय, तिकडून सव्वा मीटर पुढे घ्या बरोब्बर होईल.

45 चौरस मीटर म्हणजे जवळजवळ अर्धा गुंठा. हे ऐकल्यावर बाबांची रात्रीची झोप गेली. पश्चिमेला आमचे नानाकाका आहेत, बाबांच्या बरोबरीचे, लहानपणापासून दोघांचं एकमेकांच्या घरी जेवणं. बाबा तो नकाशा घेऊन त्यांच्याकडे गेले आणि नको ते बोलून आले. नानाकाका मला एवढंच म्हणाले, "अगो, तुझे आजोबा नि मी मिळून तो गडगा घातलाय, मी तेव्हा दगड वाहायला होतो, तो मी सरकवीन?" त्यांचा आवाज अजून कानात आहे माझ्या. त्या गणपतीत आमच्या आरतीला त्यांच्या घरातलं कुणी आलं नाही.

तर पहिल्या सर्व्हेअरचं काम का चुकलं हे मला नंतर समजलं आणि माझ्यासाठी या सगळ्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तीच. त्याने मोजमाप चुकीचं केलं नव्हतं, 895 हा आकडा बरोबर होता!! पण त्याने मोजली ती वहिवाट, म्हणजे आज जमिनीवर गडगे जिथे उभे आहेत त्याच्या आतली जागा. हद्द ही रेकॉर्डमधे असते, ती रेकॉर्ड उघडून जमिनीवर उतरवावी लागते, आणि त्याने रेकॉर्ड उघडलंच नाही. आकडा कमी आला म्हणून कुठल्यातरी एका बाजूला फरक ढकलून दिला, आणि ती बाजू निघाली नानाकाकांची.

दुसरा सर्व्हेअर माझ्या ऑफिसमधल्या एका मैत्रिणीच्या मामांनी सुचवला, त्यांच्या बागेची मोजणी त्यानेच केलेली. हा माणूस 14 हजार म्हणाला आणि वर म्हणाला की कागद जमल्याशिवाय मी येणारच नाही, उगाच फेरी पडेल तुमची पण माझी पण. मला तेव्हा जरा राग आला होता, आता वाटतं तिथेच ओळखायला हवं होतं की हा काम जाणणारा आहे. त्याने मागितलेले कागद: डिजिटल सहीचा सात-बारा (ऑनलाइन 15 रुपयात निघतो), गाव नकाशा, आमच्या सर्व्हे नंबरचं टिपण, हिस्से पडले तेव्हाची फाळणी (हिश्शांच्या मोजणीचा कागद), गुणाकार बुकाचा उतारा (त्यात क्षेत्राचा हिशोब असतो), आणि आजूबाजूच्या कुणी आधी सरकारी मोजणी केली असेल तर त्याच्या 'क' प्रतीची (मोजणीनंतर मिळणाऱ्या अधिकृत नकाशाची) झेरॉक्स. यातलं टिपण आणि फाळणी भूमी अभिलेखच्या तालुका कार्यालयातून नक्कल अर्ज करून काढावी लागते, मला दोन खेपा पडल्या, पण मिळाली. पूर्वेच्या शेजाऱ्यांनी काही वर्षांपूर्वी मोजणी केलेली निघाली आणि त्यांनी 'क' प्रत लगेच दिली, ती पुढे फार कामाला आली.

टिपण मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. जुन्या मोजणीच्या वेळी जागेवर बसून काढलेलं कच्चं रेखाटन असतं ते, त्यात मापं साखळी आणि आण्यात. सर्व्हेअर दादांनी ओट्यावर बसून समजावलं, एक साखळी म्हणजे 33 फूट, तिचे 16 आणे, म्हणजे एक आणा साधारण दोन फुटाचा. आणि आपला गुंठा म्हणजे 33 बाय 33, एका साखळीचा चौकोन, 1089 चौरस फूट, तो तिथूनच आला. मग म्हणाले, ताई आता बघा, ज्या कागदावर सगळ्यात लहान माप आणा नाहीतर अर्धा आणा आहे त्या कागदावरून मी तुम्हाला इंचाची हद्द दिली तर ती मी माझ्या पदरची दिली असं समजा. माझं मशीन मिलिमीटर दाखवेल पण कागद फुटाचा आहे. हे वाक्य ऐकून बाबांचा चेहरा पहिल्यांदा सैल झालेला मी पाहिला.

तशीच गोष्ट गाव नकाशाची. आजकाल सगळे महाभूनकाशा या सरकारी वेबसाइटवर आपला नंबर टाकतात, स्क्रीनशॉट काढतात आणि गूगलच्या सॅटेलाइट फोटोवर ठेवून भांडायला जातात, आमच्या घरात पण माझ्या भावाने हेच केलं होतं. सर्व्हेअर दादांनी साधा हिशोब सांगितला: 1:5000 चा नकाशा असेल तर त्यावरची अर्ध्या मिलिमीटरची रेघ जमिनीवर अडीच मीटर जाड होते. नुसत्या रेघेतच आपला तंटा बुडून जातो. आपला नंबर कुठे आहे, रस्ता कुठून आहे, शेजारी कुठले नंबर लागतात एवढं बघायला तो नकाशा उत्तम, माप घ्यायला नाही.

प्रत्यक्ष काम त्यांनी दोन दिवस केलं, आणि पहिला अख्खा दिवस आमच्या वाडीत पाऊलच टाकलं नाही! सकाळपासून आजूबाजूच्या नंबरांचे जुने कोपरे शोधत होते. एक तिठ्यावरचा दगड, एक पऱ्ह्याच्या (ओहोळाच्या) वळणावरचा, एक पूर्वेच्या शेजाऱ्यांच्या मोजणीतला सिमेंटचा पोल. मला वाटलं हे काय दुसऱ्यांच्या जागा मोजत बसलेत. पण पद्धतच ती आहे, तुमचा कोपरा शोधायचा तर ज्याच्याबद्दल वाद नाही अशा लांबच्या खुणा धरून आत यायचं. तुमच्याच गडग्यापासून सुरू केलं तर जे तपासायचं तेच खरं धरलं असं होतं, आणि पहिल्याने नेमकं तेच केलं.

दुसरं म्हणजे झाडं. त्यांच्याकडे डीजीपीएसचा रोव्हर होता, तो उपग्रहावरून पोझिशन घेतो, पण आमच्याकडे आंबे, फणस, वर बांबूचं बेट, आभाळ दिसतच नाही. झाडाखाली नेला की स्क्रीनवर फिक्स जाऊन फ्लोट येतं, म्हणजे मशीन आकडा देतंच पण तो भरवशाचा नसतो, कधी कधी बराच लांब जातो. म्हणून त्यांनी समोरच्या मोकळ्या खळ्यात आणि तिठ्यावर असे दोन पॉइंट रोव्हरने पक्के केले आणि तिथून आत टोटल स्टेशन लावून प्रिझमने सगळं उचललं. कोकणात मोजणी करणार असाल तर सर्व्हेअरला आधी एवढंच विचारा, झाडाखाली कसं घेणार? त्यावर त्याने नीट उत्तर दिलं नाही तर पुढे जाऊ नका.

आणि एक प्रश्न त्यांनी बाबांना आणि नानाकाकांना दोघांना बोलावून विचारला (हो, नानाकाका आले, त्यांनी स्वतः जाऊन बोलावून आणलं, पैसे मी घेतलेत पण माप दोघांचं आहे असं म्हणाले). प्रश्न असा, की गडगा दोन फूट रुंद आहे, तर हद्द गडग्याच्या मधोमध की आतल्या अंगाने की बाहेरच्या? दोघे म्हातारे एकमेकांकडे बघायला लागले. शेवटी नानाकाका म्हणाले की सामाईक घातला होता तेव्हा मधे. ते त्यांनी लिहून घेतलं, दोघांची सही घेतली. महिनाभर बोलणं बंद असलेली माणसं एका कागदावर सही करत होती, मी लांब उभी राहून बघत होते, काय बोलू सुचेना.

रिपोर्ट यायला मात्र सांगितलेल्यापेक्षा तीन आठवडे उशीर झाला, फोन पण उचलायचे नाहीत. याचा मला त्रास झाला हे सांगायलाच हवं. पण रिपोर्ट आला तो असा: वाडी अंदाजे 26 मीटर रुंद आणि 36 मीटर लांब. समोरच्या बाजूने पाणंदीचा रस्ता झाला तेव्हा आमच्या जागेतून साधारण दीड मीटर पट्टा रस्त्यात गेलेला, म्हणजे 39 चौरस मीटर तिथेच गेले. मागचा गडगा रेकॉर्डच्या हद्दीपासून अर्धा मीटर आमच्या बाजूला, ते 13. आणि नानाकाकांच्या बाजूला काय, तर गडगा पुढच्या टोकाला बरोबर आणि मागच्या टोकाला सव्वा फुटाच्या आसपास त्यांच्या जागेत गेलेला, आमचेच सातेक चौरस मीटर जास्त! 52 गेले, 7 आले, 45 कमी. हिशोब जुळला. ज्याच्यावर आळ घेतला त्याचीच जागा आमच्याकडे होती. गडगे पावसात ढासळतात, दरवर्षी कुणीतरी परत रचतं, मधे झाड आलं की वळसा घेतात, 50-60 वर्षात फूटभर इकडे तिकडे होणारच.

बाबा तो कागद वाचून त्याच संध्याकाळी नानाकाकांकडे गेले. काय बोलले मला माहीत नाही, दोघांनी कधी सांगितलं नाही.

आता सरकारी मोजणीबद्दल. खाजगी सर्व्हेअरचा नकाशा कितीही चांगला असला तरी हद्दीचा अधिकृत कागद म्हणजे भूमी अभिलेखची 'क' प्रत, हे आमच्या सर्व्हेअरनेच पहिल्या दिवशी सांगितलं, माझ्या कागदावर कंपाउंड घालू नका म्हणाले. मग हद्द कायम मोजणीचा अर्ज केला, आता ई-मोजणी 2.0 वर ऑनलाइन होतो. 1 डिसेंबर 2024 पासून नियमित आणि द्रुतगती असे दोनच प्रकार ठेवलेत, आधी साधी, तातडी, अति तातडी असं बरंच काय काय होतं. आम्ही अर्ज केला तेव्हा गावाकडे 2 हेक्टरपर्यंत नियमितचे 2 हजार आणि द्रुतगतीचे 8 हजार होते. आम्ही नियमितच भरली, घाई काय नव्हती. अर्जात लगतच्या सगळ्या खातेदारांची नावं आणि पत्ते नीट द्यायचे, यात बहुतेकांची चूक होते. मूळ खातेदार वारलेला असतो, वारस मुंबईला, पत्ता जुना, नोटीस परत येते आणि मग मोजणीच्या दिवशी नाहीतर नंतर कुणीतरी उभा राहतो की मला कळवलंच नव्हतं. मी सगळ्यांना आधी स्वतः फोन केले, मग नोटीस आल्यावर कुणाला धक्का बसला नाही.

मोजणीच्या दिवसाची तयारी आपली असते, चुना, हद्दीला पुरायला दगड, खणायला आणि झाडी तोडायला माणसं. आम्ही आठ दिवस आधीच चारी बाजूंनी रान साफ करून घेतलेलं, कारण दृष्टी मिळाली नाही तर माप होत नाही आणि भूकरमापक (मोजणीला येणारे सरकारी कर्मचारी) परत गेले तर पुढची तारीख कधी मिळेल सांगता येत नाही. पावसाळ्यात तर आमच्याकडे नावच काढू नका, दिवाळीनंतरचेच महिने. आलेले भूकरमापक शांत माणूस होते, रोव्हर घेऊन आले होते, सगळ्यांना वहिवाट दाखवायला लावली, जबाब घेतले, पंचनामा केला. आमच्या सर्व्हेअरने शोधलेल्या जुन्या खुणा आम्ही त्यांना दाखवल्या, त्यांनी त्या स्वतः तपासूनच घेतल्या आणि ते योग्यच, आमच्या शब्दावर का घ्याव्यात. काही दिवसांनी 'क' प्रत आली, त्यात कोपऱ्यांचे अक्षांश रेखांश पण आहेत. आमच्या खाजगी रिपोर्टशी ताडून पाहिलं तर तीन कोपऱ्यात 10 ते 15 सेंटीमीटरचा फरक, बास.

मग कुणी विचारेल, सरकारी मोजणीच करायची होती तर 14 हजार कशाला घातले? मलाही आधी तेच वाटायचं. पण सरकारी मोजणीवाले दिवसभरासाठी येतात, त्या दिवशी तुमची हद्द कुठे आहे ते सांगून जातात. ती तशी का आहे, फरक कुठून आला, कुणाची चूक नाही, हे ओट्यावर बसून दोन घरांना समजावून सांगायला त्यांना वेळ कुठून असणार, त्यांच्या पुढच्या तारखा लागलेल्या असतात. आमच्याकडे मोजणीच्या दिवशी एक शब्द वर गेला नाही तो आधीच सगळ्यांना सगळं माहीत होतं म्हणून. ज्यांच्याकडे वाद नाही आणि जुन्या खुणा जाग्यावर आहेत त्यांनी थेट सरकारी मोजणी करावी, खाजगीचा खर्च वाचेल. वाद असेल किंवा क्षेत्र जुळत नसेल तर आधी चांगला खाजगी माणूस गाठा.

काही गोष्टी मोजणीने होत नाहीत, तेही सांगते, कारण गावात लोक फार आशा लावून बसतात. मोजणीने मालकी ठरत नाही, ती हद्द दाखवते. अतिक्रमण दिसलं म्हणून मोजणीवाले ते काढून देत नाहीत, तो रस्ता वेगळा. आणि मोजणी मान्य नसेल तर निमताना मोजणीचा अर्ज करता येतो, वरचा अधिकारी परत तपासतो, ती फी वेगळी. आमच्या रस्त्यात गेलेल्या पट्ट्याचं आम्ही सध्या काही करत नाही आहोत, गाडी तिथूनच जाते, सगळ्या वाडीची जाते. बाबा म्हणाले तो पट्टा नकाशात आपला दिसतोय ना, मग राहू दे, कंपाउंड आहे त्या रस्त्याच्या आतूनच घालू.

स्टार द्यायचे तर पहिल्याला एक. मोजमाप बरोबर केलं म्हणून एक, नाहीतर तोही नाही. शेजाऱ्याने खाल्लं हे वाक्य कागद न बघता बोलायचा कुठल्याही सर्व्हेअरला हक्क नाही, त्या एका वाक्याने आमचा एक गणपती गेला. दुसऱ्याला साडेचार, अर्धा फक्त उशिरासाठी आणि न उचललेल्या फोनसाठी. सरकारी मोजणीला चार, काम नीट झालं, पण अर्जाची स्थिती ऑनलाइन बघून मला कधी नीट कळली नाही, शेवटी दर वेळी कार्यालयातच विचारावं लागलं.

सर्व्हेअर ठरवताना मी आता काय विचारीन तेही लिहून ठेवते: टिपण आणि फाळणी मागता का, माप कुठल्या खुणांपासून सुरू करणार, शेजाऱ्याला बोलावणार का, आणि नकाशात वहिवाटीची रेघ आणि रेकॉर्डची रेघ अशा दोन वेगळ्या दाखवणार का. शेवटचा प्रश्न मुद्दाम विचारा, एकच रेघ असलेला नकाशा घेऊच नका. ऑटोकॅडची फाइल पण मागून घ्या, नुसती पीडीएफ नको, आम्हाला ती चिरेवाल्याचा हिशोब काढताना कामाला आली. पैसे अर्धे आधी, अर्धे रिपोर्ट हातात आल्यावर.

पश्चिमेचं कंपाउंड आता दोन्ही घरं मिळून घालतोय, खर्च अर्धा अर्धा, सव्वा फूट सोडून रेकॉर्डच्या हद्दीवर. नानाकाका नको म्हणत होते, आहे तिथेच घाला म्हणाले, पण बाबांनी ऐकलं नाही. तीन कोपऱ्यांवर दगड पुरून लाल रंग दिलाय. चौथा, मागचा वायव्येचा, बांबूच्या बेटाच्या बरोबर मधे येतो, तिथे आत शिरताच आलं नाही म्हणून बाहेर दोन खुंट्या मारून अंतर लिहून ठेवलंय. बेट तोडून झालं की सर्व्हेअर दादा दिवाळीनंतर येऊन तो कोपरा दाखवणार आहेत, त्याचे वेगळे पैसे घेणार नाही म्हणालेत, आले की इथेच लिहीन.